तेल लावलेला रंधा

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त कारकून राहतात. दर रविवारी ते जुन्या बाजारातून एखादी पटाशी नाहीतर करवत आणतात आणि तेल लावून कपाटात ठेवतात. मी बघायला गेलो की बजावतात, "हात लावू नका. घामानं गंज धरतो." वापरणार तरी कुठे? घरात सगळं प्लायवूड.

गेल्या पावसाळ्यात आमचं सागवानी दार फुगलं. ते रंधा घेऊन धावत आले, दार तासलं आणि खाली पडलेली पातळ साल हुंगून हळूच खिशात घातली. तेव्हापासून जिन्यात भेटले की विचारतात, "दार अडकत नाही ना?"

दार अगदी अलगद लागतं. काल मात्र मी म्हणालो, "जरासं अडकतंय हो."