गरम पाणी नको

दुकानात आलेल्या प्रत्येक गाडीच्या काचेवर काका आधी उलटा हात ठेवायचे, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग विचारायचे, "गरम पाणी नाय ना ओतलं?"

आता तुम्हीच सांगा, तलासरीत गाडीच्या काचेवर गरम पाणी कोण कशाला ओतेल? इथे मे महिन्यात बॉनेटवर पापड वाळतील. पण हायवेच्या कडेचं ते गाड्यांच्या काचांचं पत्र्याचं दुकान काकांचं होतं, तेव्हा गिऱ्हाईक मुकाट्याने "नाही" म्हणायचं.

काचेच्या बाबतीत त्यांचं शास्त्र पक्कं होतं. डहाणूच्या गाड्यांवर खाऱ्या वाऱ्याचा थर बसतो. तो कोरड्या फडक्याने पुसला की काचेवर कायमचे ओरखडे. म्हणून आधी साधं पाणी, मग वर्तमानपत्राचा ओला बोळा. पावसात वायपरने दगा दिला तर विडीतली तंबाखू काचेला चोळायची. मी शाळामास्तर, पण माझी जुनी गाडी दिसली की ते माझाच वर्ग घ्यायचे.

आणि वर्गाच्या शेवटी काश्मीर यायचंच. तरुणपणी काका डहाणूचे चिकू घेऊन ट्रकने थेट श्रीनगरला गेले होते म्हणे, आणि सकाळी उठून बघतात तर पुढच्या काचेवर बोटभर बर्फ. तो कसा काढायचा हे ते करून दाखवायचे. त्यासाठी खिशात एक पिवळी पट्टी असायची, तेलाच्या प्लास्टिकच्या डब्यातून कापलेली. "वरून खाली, हळूहळू. काचेला घाई नाय चालत."

यावर कुणाचाही विश्वास नव्हता. शेजारचा पंक्चरवाला तर तोंडावर म्हणायचा, "काका वापीच्या पुढं गेलेच नाय." काका हसण्यावारी न्यायचे, पण त्या दिवशी त्याच्याकडचा चहा घ्यायचे नाहीत. हे त्यांना फार लागतं, हे मला दिसत होतं. तरी हसणाऱ्यांत मीही होतो.

एकदा त्यांनी माझ्या गाडीला नवी काच बसवली. त्याच आठवड्यात त्यांना घेऊन मी भल्या सकाळी डहाणूच्या बंदरावर बोंबील आणायला गेलो. माझं शहाणपण असं, की गाडी नेमकी बर्फ फोडायच्या मशीनच्या तोंडाखाली लावली. पिशव्या भरून परत येतो तर मशीन सुरू झालेलं आणि नवी काच बर्फाखाली गडप.

चहावाला किटली घेऊन धावत आला. "ओततो सर, पटकन जाईल."

"हात लावू नको," काका ओरडले. या माणसाला ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग पट्टी निघाली. नुसत्या हाताने लोटला असता तरी बर्फ खाली आला असता, पण काका वरून खाली, एकेक पट्टा काढत गेले. मासळीवाल्या बायका टोपल्या ठेवून बघत राहिल्या. एक म्हातारी मात्र म्हणाली, "जरा थांबलास तर आपोआप वितळेल ना रे बाबा."

"इथं वितळेल," काका मान वर न करता म्हणाले. "तिथं मीपण थांबलो नाय. स्टोव्हवरचं पाणी ओतलं. काच तडकली. चिकू तिथंच सडले, आणि शेठने परत कधी माझ्या हातात ट्रक दिला नाय."

इतकी वर्षं बर्फ कसा काढावा हे ते सांगत होते. आपण तो कसा काढला, हे पहिल्यांदाच सांगितलं. बढाया मारणारा माणूस स्वतःलाच मूर्ख ठरवणारी गोष्ट रचत नाही. मला माझीच लाज वाटली.

परत येताना मी म्हटलं, "काका, चुकलं माझं."

त्यांनी पट्टी पुसून खिशात ठेवली. मग म्हणाले, "पंक्चरवाल्याला सांगाल?"

मी सांगितलं. त्याने स्वतः चहा आणून दिला, आणि काकांनी तो बशीत ओतून सावकाश प्यायला.

काका जाऊन दोन वर्षं झाली. ती पट्टी त्यांच्या मुलीने मला दिली, ती माझ्या गाडीत असते. परवा थंडीत शेजारचे साहेब गाडीवरचं दव घालवायला गरम पाण्याची बादली घेऊन निघाले. मी तोंडात ब्रश, अंगात बनियन, तसाच धावलो आणि बादली धरली.

"मास्तर, अहो दव आहे नुसतं," ते म्हणाले.

दवच होतं. पण पाणी गार होईपर्यंत मी बादली सोडली नाही.