नेर ते मारेगाव: मोटारीचं नाक मोकळं केलं तो दिवस

साठच्या दशकातली गोष्ट. मारेगावच्या शाळेतून शिक्षिकेच्या मुलाखतीचं पत्र आलं. सासूबाईंनी एकदाच परवानगी दिली होती, "हे हुकलं तं नोकरीचं नाव काढू नको." दुपारी दोनची वेळ, एसटीनं जमेना. म्हणून ह्यांनी जुनी मोटार काढली. हे नेरला कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात कामाला, त्यामुळे हंगामभर मोटार तिथल्याच आवारात ये-जा करायची.

पहाटे निघालो. यवतमाळपर्यंत रस्ता बरा. तिथे चहा आणि गरम आलूबोंडे खाल्ले. पुढे नुसता फुफाटा आणि दोन्हीकडे पानगळ झालेला साग. जोडमोहा मागे पडलं आणि चढावर बॉनेटमधून वाफ यायला लागली.

मोटारीतलं आपल्याला सगळं कळतं, असा ह्यांचा समज होता. इंजिन निवल्यावर ह्यांनी जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरून पाणी आणून ओतलं. मैलभर गेलो, पुन्हा वाफ. पुन्हा पाणी. पंख्याचा पट्टा शाबूत, नळ्या कुठे गळत नव्हत्या, तरी तापमानाचा काटा लाल खुणेवरच. साडेअकरा वाजले. मला रडू यायला लागलं होतं आणि ह्यांचा रागही.

तांड्यातला सोमला नावाचा एक म्हातारा आपले बैल घेऊन येत होता. त्याच्या आजानं बैलांवर मीठ लादून गावोगाव नेलेलं.

"पाणीच कायले पाजून राह्यले?"

"गरम होऊन राह्यली ना," हे म्हणाले.

"आमचा बैल धापला का आमी आंधी नाक पाह्यतो, मंग पाणी. हिचं नाक कुठी हाये?"

हे हसले. मी मात्र पुढच्या जाळीपाशी वाकले. आत रेडिएटरच्या बारीक पात्यांवर जिनातली रुई धुळीत घट्ट बसली होती, थेट गोधडीसारखी. वारा आत जाणार कुठून?

मी केसांतले आकडे काढले आणि अंबाड्याचा शेपटा झाला. आकड्यांनी हलक्या हातानं रुई उपसत गेले, हे मागून पाणी सोडत राहिले.

"लुगडं खराब होईन, बाई," सोमला म्हणाला.

"होऊ द्या."

मोटार सुरू केली. काटा मधोमध आला आणि तिथेच राहिला. आनंदानं मी ह्यांच्या पाठीत धपाटा घातला. वाटेतल्या करंजी गावचा चहाही सोडला आणि पावणेदोनला मारेगाव गाठलं.

(कापसाच्या दिवसांत तिकडे गाडी नेणार असाल तर आधी जाळी पाहा. आणि तापलेल्या इंजिनाचं झाकण लगेच उघडू नका.)

मुलाखतीत मोठ्या बाईंनी माझ्या काळ्या नखांकडे पाहत विचारलं, "तीनदा शिकवूनही मुलांना कळलं नाही तर काय कराल?"

"तेच चौथ्यांदा सांगणार नाही. अडलंय कुठं ते पाहीन."

निवड तिथल्या तिथेच सांगितली.

त्या वाटेवरचे खड्डे आता आठवत नाहीत. आधी अडलेली जागा शोधायची सवय मात्र पुढे वर्गात रोज उपयोगी पडली.

नेरला पोचलो तेव्हा अंगणात शेजारी जमले होते. ह्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "माय, मी नुसतं पाणी टाकत राह्यलो. गाडी हिनं सुदरवली. नोकरीबी भेटली हिले." त्या काळी चारचौघांत नवरा असं बोलत नसे.

 सासूबाई म्हणाल्या, "मंग तिथं ऱ्हायाले खोली पाह्यली का नाही?"