पाहुण्याचा पत्ता

धरणाच्या फुगवट्यावर यंदा काळा करकोचा उतरला, एकटाच. मी हरखून पक्षीमित्रांच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘बाभळीच्या बेटावर.’ अनोळखी नंबरावरून विचारणा झाली, ‘संध्याकाळी किती वाजता परततो?’ मी वेळही कळवली.

ते ऐकून आमचे नावाडी तुकाराममामा म्हणाले, “पाहुणा आला म्हणून सांगावं सर, पण कुठं निजतो ते सांगू नये.” मी हसलो. दुर्मीळ काही दिसलं की सांगितल्याशिवाय ते दिसल्यासारखंच वाटत नाही.

आज सकाळी धुकं विरलं, तेव्हा बेटावर चिखलात बुटांचे ठसे होते आणि थोडी काळी पिसं. मामांनी वल्हं थांबवलं. तेवढ्यात फोन वाजला. तोच नंबर होता : ‘यंदा आणखी काय आलंय, सर?’