कंदिलाची काच

किन्हीराजा गावात आमच्या घरामागं एक म्हातारी राहायची. सगळे तिला मावशी म्हणत. फुटकी काच, गंजलेलं पातं, मोडकी सुई तिनं कधी कुणाला उकिरड्यावर टाकू दिली नाही. "खत वावरात जाते बाप्पा. तण निंदाले बायांचेच हात जातात नं?" असं म्हणत ती ते सारं मडक्यात साठवायची आणि उंदरांच्या बिळांत कोंबून वरून शेणमातीनं लिंपायची.

एकदा आमच्या कंदिलाची काच फुटली. आमच्या यांनी तुकडे उकिरड्यावर फेकले. थोड्या वेळानं पाहते तर आमची गाय तिथंच तोंड घालत होती. बहात्तरच्या दुष्काळातून जगवलेली एकुलती गाय. मी तिला ओढून बाजूला केलं आणि मावशीला हाक मारली.

मावशी अनवाणीच उकिरड्यात शिरली. एकेक तुकडा वेचून तिनं ओट्यावर आणला आणि ओल्या मातीच्या गोळ्यावर तुकड्याला तुकडा लावत ती काच पुन्हा उभी केली. बोटाएवढी एक फट राहिली.

"गायीनं खाल्ला असंन का वं मावशी?" मी विचारलं.

"थांब नं पोरी, पाहून राह्यली मी."

ती पुन्हा उठली, तसा ओट्यावर रक्ताचा ठसा दिसला. खाली बसून तिनं पाय उलटा केला, भेगाळलेल्या टाचेतून तुकडा ओढून काढला, पदरानं पुसला आणि फटीत लावला. तो नेमका बसला.

"गायीच्या पोटात नाही वं, माह्या पायात होता!" असं म्हणून ती इतकी खळखळून हसली, की मला रडू आवरेना.