फ्लॉरेन्सचा संन्यासी आणि हॅरोचं हळदीकुंकू

लंडनमधल्या ईलिंगच्या एका शाळेत मी इतिहास शिकवते, आणि दर जानेवारीत माझ्या वर्गात फ्लॉरेन्सचा एक संन्यासी येतो. मठात राहणारा, पण गावभर प्रवचनं देत फिरणारा. इंग्रजीत अशांना फ्रायर म्हणतात. पाचशे वर्षांपूर्वीचा माणूस. चर्च आतून सडलंय, असं तो चर्चमध्येच उभा राहून सांगायचा आणि ऐकणारे हमसून रडायचे. शहरावर सत्ता गाजवणारं बडं घराणं पळून गेल्यावर त्याने लोकांना सांगितलं, आता मोठी सभा भरवा आणि कारभार तुम्ही करा. लोकांनी ते केलं. धर्म सुधारायला निघालेला हा माणूस कुठल्याही खुर्चीवर न बसता शहर चालवायला लागला. लोकांनी आपले आरसे, गंगावनं, पत्ते, चित्रं चौकात आणून रचली आणि पेटवून दिली. पुढे पोपशी वाजलं, वारं फिरलं, आणि त्याच चौकात त्याला फाशी देऊन जाळलं.

मुलांना आग आवडते. माझं लक्ष असतं एका पत्राकडे. तो पकडला गेल्यावर त्याच्याच मठातल्या बाकीच्या संन्याशांनी पोपला कळवलं, की आम्ही भोळे, त्याने आम्हाला फसवलं, आम्हाला माफ करा. हे सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास कुणीतरी म्हणतं, "दॅट्स कोल्ड, मिस." मग मी विचारते, त्याचं चुकलं कुठे? आणि उत्तरही मीच देते, कारण परीक्षेत ते लागतं. थांबायचं कधी हे त्याला कळलं नाही. अर्धं पाऊल मागे घेतलं असतं, तर तोही वाचला असता आणि त्याची निम्मी कामंही टिकली असती. माझ्या नोट्समध्ये हे वाक्य जाड अक्षरांत आहे.

माझे यजमान जाऊन तीन वर्षं झाली. ते इथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होते. त्यांच्यानंतर हॅरोतल्या आमच्या मराठी मंडळात मला कुणी वाकडा शब्द बोललं नाही. लोक डबे घेऊन आले, जवळ बसले, रडले. फक्त जानेवारी आला तेव्हा संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आले, तेवढे मी बघितले. मला काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. खोटं होतं ते. फार वाटत होतं.

हे खोटं एकीनेच ओळखलं. आमची मैत्री तीस वर्षांची. तिचे आणि माझे यजमान एकाच वॉर्डात कामाला लागले, तेव्हापासूनची. तीही भूलतज्ज्ञ म्हणून निवृत्त झालेली, बोलायला फटकळ. "हे काय चाललंय? मी ऑपरेशन थिएटरमध्ये लाइफ घालवली आणि इथे आपण अजून कुणी सवाष्ण आहे का ते बघतो?" असं म्हणताना तिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या वर्षी ती मंडळाच्या अध्यक्षपदाला उभी राहिली. तिचं एकच म्हणणं होतं, की हळदीकुंकू सगळ्या बायकांचं, नवरा असो वा नसो.

तिचं भाषण मी लिहिलं. माझा संन्यासी इथे कामाला आला. दुसऱ्यांची पापं मोजू नकोस, आपण बसलोय त्याच घराबद्दल बोल, हा त्याचा गुण मी तिला शिकवला. भाड्याच्या चर्च हॉलमध्ये, चहाच्या मोठ्या भांड्याशेजारी उभी राहून ती बोलली आणि बायका रडल्या. एकीने तर आपल्या विधवा सासूचं नाव घेऊन तिची माफी मागितली. मैत्रीण भरघोस मतांनी निवडून आली.

पुढच्या जानेवारीत नवरा नसलेल्या आम्ही पाचजणी गेलो. हॉलमध्ये ज्योत पेटवायला मनाई, म्हणून औक्षणाच्या तबकात बॅटरीचा दिवा होता. मैत्रिणीने पहिलं कुंकू मला लावलं, मग ईलिंगच्या मावशींना. मावशी ऐंशीच्या पुढच्या; कपाळाला बोट लागल्यावर त्यांनी तिचा हात धरूनच ठेवला. वाण म्हणून स्टीलची गाळणी मिळाली. ती मी अजून रोज वापरते. त्या दिवशी हिरवी साडी नेसून घरी चालत आले तेव्हा मी सुखी होते. तीन वर्षांत तसा दिवस दुसरा नाही.

मग वर्षभर कुजबूज झाली. ज्यांच्याशिवाय मंडळाचा गणपती बसत नाही अशा चार-सहा जणी नाराज होत्या. त्यातच शहरातल्या सगळ्या मराठी मंडळांची मिळून एक मोठी समिती होणार असं ठरलं, आणि तिचं अध्यक्षपद मैत्रिणीला हवं होतं. तिने ते लपवलं नाही. मिळावं असं मलाही वाटत होतं.

आम्ही दर रविवारी पार्कात फिरायला जायचो. एका रविवारी तिने विचारलं, "तुझ्या त्या फ्रायरचं नेमकं चुकलं काय गं?"

मी काय, मास्तरीणच. कुणी विचारायचा अवकाश. तळ्याला दोन फेऱ्या होईपर्यंत मी बोलत होते, आणि शेवटी माझं ते जाड अक्षरांतलं वाक्यही मोठ्या हौसेने म्हणून दाखवलं. ती मान डोलावत ऐकत होती.

या जानेवारीत मी तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन गेले. दारात गुलाबपाणी शिंपडत ती स्वतः उभी होती. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "अगं, तुम्हा पाचजणींची सोय या वर्षी आतल्या खोलीत केलीय. ज्येष्ठ मैत्रिणींचा स्नेहमेळावा. छान आहे, बघ."

ज्येष्ठ! ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे.

आतली खोली रविवारी लहान मुलांना बायबल शिकवण्यासाठीची होती. प्लॅस्टिकच्या बुटक्या खुर्च्या, भिंतीवर कागदी मेंढ्या. चौघीजणी गुडघे छातीशी घेऊन बसल्या होत्या. वाण तेच होतं, तिळगूळ तोच होता, प्रत्येकीला एक गुलाब होता. कुंकवाचा करंडा नव्हता.

"बरंय की गं," ईलिंगच्या मावशी म्हणाल्या. "इथे हीटर आहे."

मी मैत्रिणीला किचनमध्ये गाठलं. "हे काय आहे?"

"एकच वर्ष," ती म्हणाली. "फार तर दोन. मोठ्या समितीचं इलेक्शन होऊ दे, मग परत सगळ्याजणी एकत्र. मंडळाच्या कमिटीने ठरवलंय, सगळ्यांनी सह्या केल्यात."

"सगळ्यांनी? तुझ्या भाषणाला रडल्या त्यांनी?"

"त्यांनीसुद्धा. आणि तुमच्यातल्या चौघींना मी फोन करून विचारलं. त्या हो म्हणाल्या."

"आणि मला?"

"तू समजून घेशील, असं धरून चालले." मग तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "तूच म्हणाली होतीस ना, अर्धं पाऊल मागे घेतलं तर निम्मं तरी टिकतं? मी तेच करतेय."

तीस वर्षांच्या मैत्रिणीने केसाने गळा कापला होता, आणि केस माझ्याच डोक्यावरचा होता. माझ्याच शब्दांनी तिने मला त्या बुटक्या खुर्चीवर नेऊन बसवलं होतं.

मी तशीच मोठ्या हॉलमध्ये गेले, टेबलावरचा करंडा उचलला आणि आतल्या खोलीत आले. कुणी अडवलं नाही. सगळ्याजणी घाईघाईने साड्यांबद्दल बोलायला लागल्या. मी मावशींपुढे वाकले, बोट कुंकवात बुडवलं. मावशींनी कपाळ तळहाताने झाकून घेतलं.

"नको गं बाळा," त्या म्हणाल्या. "तिला अडचण होईल. तिने मला स्वतः फोन केला होता."

मी करंडा परत ठेवून आले. लाडवांचा डबा तिथेच राहिला.

सोमवारी संन्याशावरचे निबंध तपासायला घेतले. इथे आम्ही हिरव्या पेनाने तपासतो. पहिल्याच वहीत शेवटच्या परिच्छेदात वाक्य होतं, की त्याने अर्धं पाऊल मागे घ्यायला हवं होतं. दुसऱ्या वहीत तेच. तिसऱ्यातही. मार्किंगच्या कागदावर ते उत्तर बरोबर धरलेलं आहे, कारण तो कागद मीच केलाय. मुलांचा काय दोष? मी प्रत्येक वहीत त्या वाक्यावर खूण केली आणि पूर्ण मार्क दिले.