गेटवरचं बटण

आमच्या चाकणच्या कंपनीतून सुटताना गेटवर एक बटण दाबावं लागतं. हिरवा दिवा लागला की घर गाठायचं. लाल लागला की सिक्युरिटीच्या केबिनमध्ये जाऊन बूट काढायचे, डबा उघडायचा, बॅग उलटी करायची. मशीन कुणालाही निवडतं, त्याला माणूस कळत नाही, असं गार्ड प्रत्येक नव्या कामगाराला सांगतो. सगळे माना डोलावतात आणि अंगठा पँटला पुसून मगच बटण दाबतात. मीही पुसतो. डिप्लोमा केलाय, तरी पुसतो.

माझा रूम पार्टनर नांदेडकडचा. कुरुळीत एका खोलीत आम्ही दोघं राहायचो आणि एकाच लाइनवर, एकाच शिफ्टला कामाला होतो. त्या महिन्यात पर्मनंटसाठी त्याचं नाव वर गेलं होतं. गावाकडे त्याच्या लग्नाची बोलणी त्यावरच अडली होती, त्यामुळे हा पठ्ठ्या पाणीसुद्धा सुपरवायझरला दिसेल अशा जागी उभा राहून प्यायचा.

एका सोमवारी त्याला लाल लागला. मंगळवारीही लागला. आम्ही हसलो. बुधवारी लागला तेव्हा जरा कमी हसलो. गुरुवारी दुपारी तीनच्या लख्ख उन्हात सगळी शिफ्ट रांगेत उभी होती आणि त्याने अंगठा टेकवला तेव्हा सगळे दिव्याकडेच बघत होते. पुन्हा लाल. बॅगेत काय, तर रिकामा डबा आणि नॅपकिन. रोज तेवढंच असायचं.

पुढच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत त्याच्या बाकावर जागा मोकळी राहू लागली. डबे तेवढे सरकले. आमच्या घरमालकीणबाई दिवसाढवळ्या दाराला आतून कडी लावू लागल्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "मशीनचं काय वैर हाय व्हय त्याच्याशी? आगीबिगर धूर निघत न्हाई." कंपनीतली गोष्ट त्यांच्या कानावर कुणी घातली, कोण जाणे. मी नाही घातली, असं मात्र मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

मग लाइन लीडरने मला बाजूला घेतलं. "भावा, तू सोबत राहतोस. जरा नजर ठेव की." मी ठेवली. ड्यूटीवरून आल्यावर तो आंघोळीला गेला की मी त्याची बॅग उघडायचो. आत काही नसायचं, आणि लाज वाटायच्या ऐवजी माझा विरस व्हायचा. हे लिहिताना मला माझाच राग येतोय. लीडरने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "अजून तरी काही नाही." नुसतं 'काही नाही' म्हणायला काय धाड भरली होती मला?

तो आता खोलीवरही सारखे खिसे चाचपायचा. सकाळी निघताना बॅग झटकायचा, दोनदा. मधूनच हिरवाही लागायचा, पण हिरवा कुणी लक्षात ठेवत नव्हतं. हिरवा लागला की तोच बावरायचा. एकदा तर हिरवा लागूनही केबिनमध्ये शिरला आणि बूट काढायला बसला.

"अरे जा ना राव, हिरवा आहे," गार्ड म्हणाला.

"बघून घ्या की एकदा," तो म्हणाला.

शेवटी एका दुपारी त्याच्या डब्यात बोल्ट सापडला. बोटाएवढा, भंगारातला, कुणाच्याच कामाचा नाही. त्याने तो लपवलासुद्धा नव्हता, भाकरीच्या फडक्यावर ठेवला होता. गार्डने तो वर धरून दाखवला तेव्हा सगळ्या रांगेने श्वास सोडला. मीही सोडला. इतके दिवस आम्ही जे धरून चाललो होतो, ते एकदाचं खरं निघालं होतं.

त्याच संध्याकाळी तो सामान भरत होता. नोकरी गेली होती आणि लग्नही मोडल्यातच जमा होतं.

मी विचारलं, "का घेतलास रे?"

"वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो," तो म्हणाला. "आता निदान समद्यांचं खरं झालं. हलकं वाटायलंय." मग बॅगेची चेन ओढत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "आंघोळीला जाताना मी ही चेन अर्धी उघडी ठेवायचो. आलो की पुरती लावलेली असायची. रोज."

मला त्याच्या पायातल्या चपलांकडेच बघता आलं. त्याला बसस्टॉपवर सोडायलाही मी गेलो नाही.

आता नवा पार्टनर आहे, लातूरचा, हसतमुख. आमच्याच लाइनवर लागलाय. गेल्या सोमवारी मला लाल लागला. मंगळवारी पुन्हा लागला. बुधवारी जेवताना शेजारचा डबा जरा सरकल्यासारखा वाटला. आज ड्यूटीवरून आल्यावर मी बॅगेची चेन अर्धी उघडी ठेवली आणि आंघोळीला गेलो. परत आलो तेव्हा ती पुरती लावलेली होती.