विलायतेच्या पत्राचा कोपरा

आजही पत्र आलं की मी आधी त्याचे कोपरे चाचपतो. आमच्या देऊळघाटला मयताची बातमी असलेल्या पत्राचा कोपरा फाडलेला असे, आणि तसलं पत्र घरात घेत नसत. बाहेरच वाचून तिथेच फाडून टाकायचं. मी तेव्हा बुलढाण्याच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. लहान मुलांची शस्त्रक्रिया शिकायला विलायतेला अर्ज केला होता आणि उत्तराची वाट पाहून थकलो होतो. एका शनिवारी घरी आलो तर चूल थंड, आणि माय गोठ्यापाशी बसलेली. तिच्यासमोर दगडाखाली एक पाकीट होतं, उजवा कोपरा फाटलेलं. "सकाळीच आलं. तुह्या मामाचंच असंन," ती म्हणाली. "दुसऱ्याले वाचाले द्याची हिंमत नाही झाली. वाच, अन् फाडून टाक." मामा वरवट बकालला महिनाभर अंथरुणाला खिळला होता. मी दगड बाजूला सारून पाकीट उघडलं. आतला कागद इंग्रजी निघाला. पोस्टमननं परदेशी तिकीट हौसेनं फाडून घेतलं होतं, एवढंच. "माय, मामाले काही झालं नाही! मले विलायतेले बोलावलं!" मायनं डोळे पुसले, पण पत्र काही घरात नेऊ दिलं नाही. पुढे तिकडे सर्जन झालो. एका सकाळी वॉर्डात जाता जाता धाकट्या भावाचं पत्र मिळालं. चारही कोपरे शाबूत होते, म्हणून मी ते चालता चालताच उघडलं. माय गेली होती. खाली त्यानं लिहिलं होतं, "दादा, तू तिथं एकटा, म्हणून कोपरा फाडला नाही."